आंबट शीर

मैस्केच्या परसातलं लिंबाचं झाड वर्षभर लगडलेलं असायचं. आवळ्याएवढी हिरवी लिंबं, आत नारिंगी गर, आणि वास असा की नुसतं पान चुरगळलं तरी तोंडाला पाणी सुटावं. आमच्या वोलोआन गावात या लिंबाशिवाय मासा कोणी पानात घेत नाही. पण मैस्केच्या घरी मासा लिंबाशिवाय शिजत होता आणि लिंबं झाडाखाली पडून सडत होती. डुकरंसुद्धा त्यांना तोंड लावत नव्हती. येता-जाता एखादं पिचकलेलं लिंबू टाचेखाली आलं की मैस्केचं डोकं फिरायचं, आणि डोकं फिरलं की पाय आपटत आपटत नवऱ्याचा उद्धार व्हायचा.

नवरा म्हणजे बेर्ती रुमेंगान. साऱ्या वोलोआनचा ओम बेर्ती. ओम म्हणजे काका. हा माणूस स्वभावाने वाईट नव्हता, हे मैस्के स्वतःच सांगायची. दारू पिऊन त्याने कधी हात उचलला नाही, रविवारची प्रार्थना चुकवली नाही, कुणाच्या मयताला लाकूड कापून द्यायला नाही म्हटलं नाही. पण एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात एकदा ठोकून बसली की खिळा उपटायला देवालाच यावं लागे.

अशीच एक गोष्ट बसली होती त्याच्या अंगठ्याच्या दुखण्याबद्दल. आमच्याकडे त्या दुखण्याला 'आसम उरात' म्हणतात. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की होतं ते. पण आमच्या बोलीत 'आसम' म्हणजे आंबट आणि 'उरात' म्हणजे शीर. बेर्तीने नाव ऐकलं आणि सरळ अर्थ लावून टाकला, की शीर आंबली आहे. शीर आंबली, म्हणजे आंबट बंद. लिंबू गेलं, चिंच गेली, कैरी गेली, अननस गेला. मैस्केच्या हातची आंबट माशाची कढी साऱ्या आळीत नावाजलेली. ती चुलीवरून कायमची उतरली. आणि हे पथ्य इतकं कडक की शेजारच्या घरी कुणी चिंच कोळत असलं तरी बेर्ती पाय जवळ ओढून घ्यायचा.

बाकी सगळं चालू होतं. डुकराची कलेजी चालू होती. बांबूच्या नळकांड्यात मिरचीबरोबर भाजलेलं मांस चालू होतं. मासा खायचा तर त्याचं डोकं आणि आतडी आधी बेर्तीच्या पानात. राजमा आणि डुकराचे पाय घालून आमच्याकडे एक सूप करतात. त्याच्या बाबतीत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कडधान्याने हे दुखणं वाढतं. तेव्हापासून बेर्ती त्या वाडग्यातला राजम्याचा एकेक दाणा चमच्याने वेचून बशीच्या कडेला लावायचा, आणि मग पाय चोखत बसायचा. मैस्के ते बघत उभी राहायची आणि तिच्या कपाळाची शीर उडायची. ती मात्र खरंच आंबली असावी.

ताडीचं तर विचारूच नका. पहाटे झाडावरून उतरवलेली ताडी गोड असते, दुपार टळली की ती आंबते. बेर्तीने दुपारनंतरची ताडी सोडली. पहाटेची मात्र तो दुप्पट प्यायला लागला, कारण ती पथ्याची होती.

माणूस कामाचा मात्र खरा. वोलोआनचे सुतार लाकडी घरं बांधतात. रस्त्याच्या कडेला, मोकळ्या आवारात, खांबांवर उभं अख्खं घर, खिडक्या-दारं-जिन्यासकट. गिऱ्हाईक येतं, पसंत करतं, मग तेच घर फळी-फळी सुटं करून ट्रकवर चढतं आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या बेटावर जाऊन पुन्हा उभं राहतं. बेर्तीने अशी किती घरं बांधली, त्याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. आणि स्वतः तो राहत होता बापाच्या पत्र्याच्या घरात, जिथे जमीन सिमेंटची होती आणि पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. मैस्के लग्न होऊन आली त्या वर्षी त्याने तिला एका विक्रीच्या घराच्या जिन्यावर बसवून सांगितलं होतं की असं घर तुला बांधून देईन. तेव्हापासून उरलेली एकेक चांगली फळी तो पत्र्याच्या घरामागे रचून ठेवत आला. मुलं मोठी झाली, मनादो शहरात नोकरीला गेली, फळ्यांचा ढीग छपराला टेकला. शेवटी गेल्या वर्षी त्याने त्याच आवारात खांब रोवले.

आता नवीन घरात पाऊल टाकायचं तर आमच्याकडे एक रीत आहे. पाळकाची प्रार्थना झाली की सगळे जण घरात चढतात आणि नाचत नाचत जमिनीच्या फळ्यांवर पाय आपटतात. घर पक्कं आहे की नाही ते पायांनी पारखायचं. फळी कुरकुरली तर सुताराची लाज गेली. आमच्या आळीत पहिली टाच मारायचा मान घरधन्याचा, पण बहुतेक घरधनी तो बेर्तीला देत, कारण घर त्यानेच बांधलेलं आणि टाच त्याच्यासारखी कुणाची वाजत नव्हती. लोक म्हणत, ओम बेर्तीने टाच मारली की लोकोनच्या ज्वालामुखीलाही दचकायला होतं. या वेळी घरही त्याचं, सुतारही तोच. साऱ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या फळ्यांवर आपटलेली टाच आता स्वतःच्या फळीवर पडायची होती.

आणि धाकटा भाऊ यान्सेन टपून होता. तोही सुतारच. घर उभं राहताना तो रोज यायचा, कमरेवर हात ठेवून बघायचा, आणि एक दिवस म्हणाला होता की फळ्यांखालची मधली तुळई जरा हलकी वाटते. बेर्ती त्याच्याशी तीन रविवार बोलला नाही. घरधनी पाय आपटू शकला नाही तर मान भावाकडे जातो. बेर्तीला अंगठ्यापेक्षा ते जास्त ठणकायचं.

मैस्केला भाऊबंदकीशी देणंघेणं नव्हतं. तिला ती जमीन हवी होती. कोरडी, लाकडाची, पायाला ऊब देणारी. आणि त्या जमिनीवर आपल्या पायांनी चालणारा नवरा हवा होता. दुखणं आलं की बेर्तीचा अंगठा वांग्यासारखा सुजायचा, वरची चादर टेकली तरी तो ओरडायचा, आठवडा-आठवडा अंथरुणात. आधी वर्षाकाठी एकदा व्हायचं, नाताळानंतर. मग सुगीच्या सणानंतरही. मग कुणाच्याही लग्नानंतर. त्यात बेर्ती दर वेळी ओमा दोर्कासला बोलवायचा. ओमा म्हणजे आजी. ही मालीश करणारी म्हातारी, शिरांची जाणती. शीर आंबली तर ती चोळून सरळ करायची, असा तिचाही हिशेब. एकदा तिने सुजलेला अंगठा आल्याच्या तेलात धरून असा काही ओढला की बेर्तीची किंकाळी चर्चमध्ये सराव करणाऱ्या गायकांनी ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी सूज घोट्यापर्यंत चढली. ओमा म्हणाली, घाण बाहेर येते आहे. बेर्तीने तिला जाताना कोंबडी दिली.

बुधवारी आळीतली प्रार्थना कुणाच्या ना कुणाच्या घरी असते. तिथे बेर्तीच्या अंगठ्यासाठी दर आठवड्याला विनवणी व्हायची. मैस्के डोळे मिटून आमेन म्हणायची, मनापासून म्हणायची, पण डोळे उघडले की समोर यजमानाने वाढलेली कलेजी आणि तिच्याकडे हात लांबवलेला बेर्ती. तिला वाटायचं, देवाने तरी काय काय करावं.

घर उभं राहिल्यावर मैस्केने एक दिवस बेर्तीला मोटरसायकलवर बसवलं आणि आरोग्य केंद्रात नेलं. तो कबूल झाला कारण तेव्हा त्याला काही दुखत नव्हतं. तिथली डॉक्टरीणबाई, क्लारिता तिचं नाव, स्वतः मिनाहासाचीच, म्हणजे आमच्याच मुलखातली, तिच्या बापालाही हेच दुखणं होतं. तिने रक्त तपासलं, आकडा बघून भुवया चढवल्या आणि काय काय खाता ते विचारलं. बेर्तीने अभिमानाने सांगितलं की आंबटाला मी हातही लावत नाही.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने समजावलं की हा आंबटपणा जिभेचा नाही आणि ही शीर अंगातली शीर नाही. रक्तात एक क्षार साठतो, मूत्रपिंडाला तो सगळा बाहेर टाकता येत नाही, मग तो सांध्यात सुईसारखा बसतो. बऱ्याच घरांत ते पिढीजातच येतं, त्यात तुमचा दोष नाही. पण कलेजी, आतडी, ताडी, मग ती पहाटेची असो की संध्याकाळची, त्यात भर घालतात. लिंबू खुशाल खा, राजमाही चालेल. पाणी भरपूर प्या. सुजलेला अंगठा कुणाला चोळू देऊ नका. पाय उंच ठेवा, बर्फ लावा. आणि ही गोळी रोज घ्यायची, दुखो न दुखो, कदाचित आयुष्यभर. मग तिने एक गोष्ट दोनदा सांगितली, मैस्केकडे बघून. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत दुखणं पुन्हा उसळू शकतं, कारण जुना साठा विरघळून हलायला लागतो. त्यासाठी ही दुसरी छोटी गोळी. तरीही दुखलं तर इकडे या, पण मोठी गोळी सोडायची नाही.

घरी येताना बेर्ती मागे बसून म्हणाला की बाई चांगली आहे, पण शिकलेली माणसं फार बोलतात.

गोळ्या मात्र तो घेऊ लागला. म्हणजे मैस्के त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत तिथून हलायची नाही. लिंबू काही त्याने जवळ केलं नाही. डॉक्टरीणबाईचं चुकत असेल, आणि शीर आपली आहे, असं त्याचं म्हणणं. छोटी गोळी तो दुपारी कामावर घ्यायचा, ती त्याने पोट बिघडतं म्हणून दोन आठवड्यांत स्वतःच बंद केली आणि सांगितलंही नाही. ती मैस्केला बऱ्याच दिवसांनी त्याच्या कामाच्या विजारीच्या खिशात सापडली, लाकडाच्या भुशात मिसळून गेलेली. ताडी यान्सेनकडे जाऊन पिऊ लागला.

गृहप्रवेशाचा शनिवार ठरला. पाळक येणार, मुलं मनादोहून येणार, शेजाऱ्यांनी भांडी द्यायचं कबूल केलं. आणि त्याच्या आदल्या शनिवारी बेर्ती सकाळी उठला तो पाय जमिनीला लावेना.

अंगठा लाल, चकचकीत, टम्म. बेर्तीने त्याच्याकडे बघितलं, गोळ्यांच्या पाकिटाकडे बघितलं, आणि पाकीट खिडकीतून डुकरांच्या गोठ्यात भिरकावलं. म्हणाला, पहिल्यांदाच नाताळ नाही, लग्न नाही, सण नाही, तरी दुखलं. म्हणजे हे गोळीनेच केलं. ओमा दोर्कासला बोलाव.

मैस्के गोठ्यात गेली. डुकरांना काठीने बाजूला सारून तिने ते पाकीट उचललं, धुतलं, पुसलं. गोळ्या आत कोरड्या होत्या. मग ती तिथेच, कुंपणाला टेकून, थोडा वेळ देवाशी बोलली. तिचं म्हणणं साधं होतं. तू डॉक्टरीण दिलीस, गोळी दिलीस, आता गिळायलाही तूच येणार आहेस का.

तोवर ओमा दोर्कास तेलाची बाटली घेऊन दारात आलीच होती. बेर्तीने पलीकडच्या मुलाकरवी निरोप धाडला होता. मैस्केने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, कॉफी दिली, केळ्याची भजी दिली, आणि आदराने सांगितलं की ओमा, आज अंगठ्याला हात लावलात तर मी तुमची बाटली लिंबाच्या झाडाखाली ओतेन. ओमाने भजी संपवली. जाताना म्हणाली की मला काय, माझ्या स्वतःच्या गुडघ्यालाही मी कधी चोळत नाही.

मैस्के आत आली. तिने बर्फ फडक्यात गुंडाळून अंगठ्याशेजारी ठेवला, पायाखाली दोन उशा सरकवल्या, आणि गोळी पुढे केली. बेर्तीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खांबाला वाळवी लागली की तू काय करतोस?"

"आता वाळवी कुठून आली?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"औषध घालतो."

"आणि औषध घातल्यावर?"

बेर्तीने भिंतीवर नख ओढलं. मग भिंतीलाच म्हणाला, "बाहेर पडते. भिंतीवर, फळीवर, सगळीकडे."

"गिऱ्हाईक धावत येतं ना तुझ्याकडे? म्हणतं, ओम बेर्ती, काय केलंत, आधी दिसत तरी नव्हती, आता घरभर झाली. तेव्हा काय सांगतोस त्यांना?"

"सांगतो की औषध लागू पडलंय. आत होती ती बाहेर आली."

"आणि म्हणतोस, आता औषध थांबवलंत तर खांब गेला. माझ्या कानांनी ऐकलंय, बेर्ती. वीस जणांना सांगितलंस. तुझ्या अंगठ्याला मात्र ते लागू नाही, कारण अंगठा फार शहाणा."

बेर्तीने भिंतीकडून तोंड वळवलं. गोळीकडे बघितलं.

"डुकरांनी चाटली असेल."

"डुकरांना अक्कल आहे. त्यांनी नाही चाटली."

त्याने गोळी गिळली. मैस्केने आपल्या खिशातून छोटीही काढली, भुसा झाडलेली नव्हे, पाकिटातली नवी; डॉक्टरीणबाईकडे जाऊन येईपर्यंत पुरतील एवढ्या अजून होत्या.  सोमवारी मैस्के एकटी केंद्रात गेली, झालं ते सांगितलं, डॉक्टरीणबाईने सूज उतरवायचं औषध बदलून दिलं, आणि पोट बिघडलं तर गोळी खिशात नाही, मला येऊन सांगायचं, असा निरोप दिला.

शनिवारी सकाळी सूज बरीच उतरली होती. बेर्ती काठी घेऊन जिना चढला, पण चप्पल काही पायात जाईना. त्याने मुलांच्या नकळत मागच्या खोलीत जाऊन टाच उचलून बघितली. मैस्केने दारातून पाहिलं. टाच वर गेली, खाली येता येता थांबली, आणि बेर्तीने दाराच्या चौकटीला धरून डोळे मिटले. ती आली तशीच परत गेली. त्या क्षणी तिला त्याचा राग आला नाही, आणि त्याचाच तिला फार राग आला.

पाळकाने प्रार्थना केली. लहानशीच केली, छतासाठी, जमिनीसाठी, हातांसाठी. आमेन झालं. माणसं भिंतींना लागून उभी राहिली, मधल्या फळ्या मोकळ्या सोडून. बेर्तीसाठी खुर्ची ठेवली होती, पुढे स्टूल, स्टुलावर त्याचा पाय. सगळे त्या पायाकडे बघत होते. यान्सेनने घसा खाकरला, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि मधल्या तुळईच्या बरोबर वर येऊन उभा राहिला.

"थांब," बेर्ती म्हणाला.

"दादा, पाळक खोळंबलेत. कुणीतरी मारायला तर हवी ना."

"हवी. पण तू नको." बेर्तीने काठी मैस्केच्या दिशेने केली. "या घरात पाय आपटायचा सराव एकाच माणसाला आहे."

आधी कुणी हसलं नाही, कारण बाईने पहिली टाच मारलेली कुणी पाहिली नव्हती. पाळकाने खांदे उडवले. पवित्र पुस्तकात याविरुद्ध काही लिहिलेलं त्याला आठवेना. मैस्के पदार्थांच्या टेबलाजवळ उभी होती, हाताला तिखट लागलेलं. ती म्हणाली, मला काय येतंय. बेर्ती म्हणाला, लिंबाचं झाड आठव.

मैस्केने सपाता काढल्या. यान्सेन बाजूला झाला. ती मधल्या तुळईवर आली आणि तिने पाय उचलला, आणि मग तिला जे जे आठवलं ते सगळं त्या टाचेत उतरलं. वेचून काढलेला राजमा. पहाटेची ताडी. खिशातला भुसा. चुलीवरून उतरलेली कढी. टाच पडली तेव्हा टेबलावरच्या बशा खणखणल्या, खाली बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं, आणि यान्सेनची बायको म्हणाली की ही फळी आता भूकंपालाही दाद देणार नाही. फळीने हूं की चूं केलं नाही. मैस्केने आणखी दोन मारल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग बाकीचे पुढे आले, पोरं, म्हातारे, गायकमंडळी, आणि घर ढोलासारखं वाजायला लागलं. बेर्ती खुर्चीत बसून प्रत्येक आवाजाला मान डोलावत होता. यान्सेनही नाचला. नाचता नाचता त्याने तुळईच्या वर बरोबर चार वेळा टाच मारून बघितली, आणि मग त्या विषयावर पुन्हा काही बोलला नाही.

पंगत बसली तेव्हा यान्सेन भावासाठी ताडीचा पेला घेऊन आला. सकाळचीच आहे, गोड आहे, म्हणाला. बेर्तीने पेला हातात घेतला, वास घेतला, शेजारच्याला दिला, आणि पाणी मागितलं. मग त्याने मुलीला हाक मारून सांगितलं की जा, मागच्या झाडाची दोन लिंबं आण.

मैस्के वाढत होती. तिने ऐकलं, पण वळून बघितलं नाही. बेर्तीने भाजलेल्या माशावर लिंबू पिळलं, दुसरंही पिळलं, घास घेतला आणि त्याचे डोळे मिटले गेले, तोंड वाकडं झालं.

"आंबट आहे," तो म्हणाला.

"लिंबू आहे ते," मैस्के म्हणाली.

त्याने सगळा मासा खाल्ला. बोटं चाटली. पाण्याचा दुसरा पेला संपवला. मग टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे राजम्याच्या सुपाचं मोठं पातेलं होतं, तिकडे त्याची नजर गेली. तो जरा पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला की राजमा चालतो म्हणाली ना डॉक्टरीणबाई, मग राजम्याबरोबर एखादा पाय, छोटासा, आजच्या दिवस.

 मैस्केने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि नुसती टाच उचलली.